दोर कोणाच्या हातात

“उतर खाले!”

रेवजी पावऱ्याने शिडीला असा हिसडा दिला, की हेमकांतच्या हातातला रंगाचा डबा हिंदकळून निम्मा भिंतीवर सांडला.

हेमकांत पेंटर खाली तापीकाठच्या ब्राह्मणपुरीचा. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरमागचं ‘आईचा आशीर्वाद’ रंगवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. चित्रकार म्हणून त्याला बायकोनेही कधी मोजलं नव्हतं. अशा माणसाला सातपुड्यातल्या धडगावात जीपस्टँडसमोर गिर्यारोहण मंडळाची अख्खी भिंत मिळाली, तेव्हा तो हरखून गेला. मंडळाचा अध्यक्ष जगदीश त्याच्याच गावचा, बड्या घरचा. कडे चढणाऱ्यांची सगळी जमात भिंतीवर आली पाहिजे, असा त्याचा हुकूम होता. पुण्या-नाशिकची पोरंपोरी, त्यांची हेल्मेटं, रंगीत दोर, आणि मधोमध कड्यावरून उतरून आग्या मोहोळ काढणारा रेवजी. म्हणजे स्थानिक लोकही आले, काम फत्ते.

रेवजी तीन दिवस समोरच्या लिंबाला दोर बांधून लोंबकळला आणि हेमकांतने त्याला काढला. बाकीची माणसं दुकानाच्या पाटीवरच्या माणसांसारखीच झाली. रेवजी मात्र हुबेहूब उतरला. खडकावर फाकलेली पायाची बोटं, ताणलेली मान, मोहोळाकडे गेलेला हात. हेमकांत शिडीवरून उतरून लांब जाई, मागे वळून बघे आणि त्याचा स्वतःवर विश्वास बसत नसे.

“काय व्हयनं?” हेमकांत शिडीवरूनच खेकसला.

“वर दोर कोनी धरेल शे?”

चित्रातल्या कड्याच्या माथ्यावर पाय रोवून, गॉगल लावून, दोर धरून जगदीश उभा होता. मी सगळ्यांच्या वर पाहिजे, असं त्याने बजावलं होतं.

“जगदीशभाऊ शेतस.”

“तो मन्हा साला शे का?”

हेमकांत खो खो हसला. इथेच तो चुकला. तापीकाठी साला म्हणजे शिवी, फार तर मांडवातली थट्टा. सातपुड्यात त्या नात्यावर माणूस जीव टांगतो, हे त्या मैदानी माणसाच्या गावीही नव्हतं.

“हसू नको,” रेवजी म्हणाला. घरी तो पावरीच बोले, पण बाजारातली अहिराणी त्याला पुरेशी येत होती. “मध काढाले उतरस तवय दोर सालाच धरस. बायकोना भाऊ. सोतानी बहीनले कोन रांडमुंड करी? दुसराना हातमा दोर दिधा, म्हंजे तो मानूस मरना.”

काल बाजाराच्या दिवशी त्याच्या पाड्यावरची झाडून सगळी माणसं भिंतीसमोर उभी राहून गेली होती. त्यात मेहुणा नवलसिंगही होता. त्याने घरी येऊन मध काढायचा दोर रेवजीच्या अंगणात फेकला आणि ‘तुझा दोर आता शेठच्या हातात आहे, त्यालाच बोलाव’ म्हणून तो चालता झाला. कड्यावर मोहोळं भरली होती, आणि रेवजी जमिनीवर बसून होता. बायको त्याच्याशी बोलत नव्हती.

“अरे, चित्र शे ते!”

“चित्र शे, तं बठ्ठा लोक माले कसा वळखतस?”

 हेमकांतने जगदीशला फोन लावला. तो गाडीतून तणतणतच उतरला. वर नवलसिंगला काढू, तुम्हाला खाली मोठं करू, असं हेमकांतने भीत भीत सुचवलं.

“मी खाले?” जगदीश कडाडला. “मन्ही भिंत, मन्हं मंडळ, आनि वर हाऊ नवलसिंग? पाट्या रंगाडनारा तू, तेवढंच कर. परवा उद्घाटन शे.” मग तो रेवजीकडे वळला. “आनि तू. नवा दोर लई देस तुले, परदेशी. हत्ती लटकना तरी तुटनार नही. आते गप ऱ्हाय.”

“दोर तुटस नही,” रेवजी म्हणाला. “मानूस सोडस.”

जगदीशने ऐकलं न ऐकलं केलं. माझं तोंड बदललं, तर दुसरा पेंटर आणीन, अशी धमकी देऊन तो गाडीत बसला. गाडी धूळ उडवत गेली.

“मंग माले काढी टाक,” रेवजी म्हणाला.

 हेमकांतला दुःखापेक्षा संतापच जास्त आला. हा माणूस, आणि याचे ते रिवाज!

“तुले काही समजस का रे? जनममा एकच मानूस नीट जमना मन्हा हातथीन!”

“तो मी शे,” रेवजी म्हणाला. “तुन्हा नही.”

हेमकांतने पिशवीतून पुट्टीची पत्री काढली. खरवडायला सुरुवात चेहऱ्यापासून केली, कारण चेहरा असेपर्यंत हात चालला नसता. मग मान, पाठ, मोहोळाकडे गेलेला हात. रंगाचे पापुद्रे त्याच्या चपलांवर पडत होते. रेवजी हाताची घडी घालून बघत उभा राहिला. त्याच्या तोंडावर ना कीव होती, ना उपकाराची भावना.

“आंगठा ऱ्हायना,” तो एकदाच बोलला.

हेमकांतने अंगठाही खरवडला आणि त्यावर खडकाचा करडा रंग फिरवला. रेवजीने जवळ येऊन त्या जागेवरून तळहात फिरवला. हाताला ओला रंग लागला, तो त्याने लिंबाला पुसला आणि मागे न बघता धडगावच्या गर्दीत निघून गेला.

भिंतीवर माथ्याशी अध्यक्ष पाय रोवून, दात आवळून, सगळा जोर लावून दोर धरून उभे होते. दोराच्या टोकाला कोणीच नव्हतं. दोर जरा सैल काढला असता, तर ते इतकं दिसलं नसतं. ब्रश हातात घेऊन हेमकांत त्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ब्रश रॉकेलमध्ये धुऊन टाकला आणि दोर होता तसाच ताठ ठेवून शिडी उचलली.