तीन-सहाचं टेबल

वेंडलने सत्ती आणि दुर्री हातात धरून डाव चढवला. पोकरमध्ये याहून भिकार जोडी नाही. गेली अकरा वर्षं अशी जोडी आली की तो दुसऱ्यांदा न बघताच ती टाकून द्यायचा. आज त्याने बोली दुप्पट करत सहा डॉलरच्या चकत्या पुढे लोटल्या आणि खुर्चीत मागे टेकून बसला.

समोरच्या मेव्हिसने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई, कोणी ताटात अन्न टाकलं तर ज्या नजरेने बघायची त्याच नजरेने ती अजूनही सगळ्यांकडे बघत असे.

"वेंडल चढवतोय," ती म्हणाली. "म्हणजे एक्क्यांची जोडी. मी निघाले बाई."

"मीही," शेजारचा ओडेल म्हणाला. तो बसगाड्यांचा मेकॅनिक होता, रिटायर झाला तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं. "एक्क्यांसमोर उभं राहायला मी काय करोडपती आहे?"

मग बाकीच्यांनीही एकामागून एक पत्ते टाकले. पत्ते वाटणाऱ्या कोराने मधल्या चार चकत्या वेंडलकडे सरकवल्या. सकाळचे दहा वाजले होते. रीनोच्या त्या कसिनोत जुगाराची मशीनं नुकती कुठे खणखणायला लागली होती आणि गालिच्यावरून झाडूवाला यंत्र फिरवत होता.

वेंडलच्या मागे खुर्ची ओढून त्याची मुलगी जोलीन बसली होती. तिने कॉफीचा कागदी पेला दोन्ही हातांत धरला होता.

"जिंकलास?" तिने कानाशी विचारलं.

"जिंकलो," वेंडल म्हणाला. दाढ दुखतेय म्हणून सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

"पण सात आणि दोन म्हणजे चांगले पत्ते असतात का?"

"नसतात."

"मग?"

"मग काय. त्यांना कुठे दिसतात?"

"कमाल आहे तुझी, डॅड," जोलीन म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटलं होतं. वेंडलला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

कारण आज त्याला हरायचं होतं. खिशात होते नव्हते तेवढे पैसे त्याने चकत्यांत बदलून घेतले होते आणि मुलीच्या डोळ्यांदेखत ते सगळे घालवायचे, असं ठरवून तो सकाळी दाढी करून आला होता.

बायको गेली तेव्हा जोलीनने त्याला बॉइसीला, ती आणि तिचा नवरा डेनिस राहत त्या घरी, राहायला बोलावलं होतं. तेव्हा वेंडलच्या अंगात रग होती. मी कोणाच्या घरी आश्रित म्हणून राहणार नाही, पत्त्यांवर माझं पोट आहे, असं तो म्हणाला होता. नुसतं म्हणून थांबला असता तरी चाललं असतं. पण पुढे दर रविवारी फोनवर तो तेच सांगत राहिला. "या आठवड्यात बरं झालं." "भाडं निघालं, वर थोडे उरले." एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला काही लागत नाही, आणि बदलून सांगायला मात्र फार लागतं.

खरी गोष्ट अशी की तीन-सहाच्या टेबलावर कोणाचंच पोट भरत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत तीनची बोली, पुढच्या दोनमध्ये सहाची. याहून जास्त लावता येत नाही, म्हणून कोणाला घाबरवून पळवता येत नाही आणि कोणी एका झटक्यात बुडतही नाही. सगळं हळूहळू होतं. वेंडल सुरुवातीला खरंच जिंकत असे. धीर धरायचा, चांगले पत्ते आले तरच खेळायचं, सुट्टीला आलेल्या उतावळ्या माणसाची वाट बघायची, एवढंच त्याचं तंत्र होतं. त्या काळी कसिनोची नाल, म्हणजे प्रत्येक डावात मध्ये जमणाऱ्या ढिगातून कापून घ्यायचा हिस्सा, तीन डॉलर होती. मग चार झाली, मग पाच, वर मोठ्या बक्षिसाच्या नावाने आणखी एक, आणि जिंकणाऱ्याने पत्ते वाटणाऱ्या बाईला एक द्यायचा तो वेगळा. तासाभरात दीडशे डॉलर टेबलावरून उठून कोराच्या उजव्या हाताशी असलेल्या त्या भोकात जायचे. नऊ माणसांत आठ मूर्ख असतील तर नवव्याला कदाचित दोन घास मिळतील. इथे सकाळच्या वेळी नऊच्या नऊ शहाणे असत, आणि मूर्ख माणसं आता पलीकडे मशीनांवर बसत.

तरी सगळे येत. बसल्या तासांवर नाश्त्याचं कूपन मिळायचं, हीटर चालू असायचा, आणि कोणीतरी नावाने हाक मारायचं. वेंडलला त्याचाही आता कंटाळा आला होता. पाठ दुखायची. अंडी आणि बटाटे खाऊन खाऊन त्याला अंड्यांचा वाससुद्धा नको झाला होता. मागच्या रविवारी जोलीन फोनवर म्हणाली, "मागची खोली रिकामी झालीय. डेनिसची आई विचारतेय. पण पहिला हक्क तुझा आहे. तुझं तिथे नीट चाललं असेल तर मी तुला उगाच ओढून आणणार नाही. मी येते, एकदा बघते, मग ठरवू." वेंडल बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मला ने, हे दोन शब्द त्याच्या तोंडातून निघणार नव्हते. पण तिनेच बघितलं, तिनेच म्हटलं, तर मुकाट्याने बॅग भरायला त्याची काहीच हरकत नव्हती.

पुढच्या हाताला त्याला नव्वी आणि चौरी आली. तीही टाकायचीच जोडी. तो खेळला. टेबलावर सगळ्यांसाठी उघडायच्या पाच पानांत आधी एक नव्वी पडली, मग दोन राजे पडले, आणि मेव्हिस प्रत्येक फेरीला न चुकता बोली लावत गेली. वेंडलला हायसं वाटलं. मेव्हिस हातात काही असल्याशिवाय कधी पैसे लावत नसे. त्याने प्रत्येक बोली भरली. शेवटचं पान पडलं आणि एकाएकी मेव्हिसने बोली न लावता बोटाने टेबलावर टकटक केलं.

आणखी थोडे घालवावे म्हणून वेंडलने स्वतःच सहा डॉलर पुढे केले.

मेव्हिसने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे जोलीनकडे पाहिलं, आणि आपले पत्ते पालथे टाकून दिले.

"घे. तुझंच आहे."

"अगं, सहाच डॉलर आहेत," वेंडल म्हणाला. "बघ की माझे पत्ते."

"कशाला बघू? तू कधी थाप मारलीयस आयुष्यात?"

कोराने ढीग त्याच्याकडे सरकवला. तिने मान वर केली नाही. ओडेलने मात्र डोळा मारला, आणि तेव्हा वेंडलच्या लक्षात आलं, ही सगळी मुद्दाम हरतायत.

ती रीत त्यानेच पाडली होती. ओडेलची दोन मुलं एकदा फ्रेस्नोहून आली होती, बाप पेन्शन उडवतोय की काय ते बघायला. दोघं हाताची घडी घालून त्याच्या मागे उभी राहिली, आणि ओडेलला धड चकत्याही रचता येईनात. त्या दिवशी वेंडल सिगारेट ओढायच्या निमित्ताने एकेकाला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "ज्याच्या मागे घरचं माणूस आहे त्याला हरवायचं नाही." तेव्हापासून ते चालत आलं होतं. नियमात बसत नव्हतं. वरच्या कॅमेऱ्यामागच्या माणसाला कळलं असतं तर सगळ्यांना बाहेर काढलं असतं. पण तीन-सहाच्या टेबलावरचे म्हातारे वरून कोण बघत बसणार?

"मेव्हिस," तो हळू म्हणाला, "नीट खेळ ना."

"नीटच खेळतेय. तू तुझं बघ."

याहून उघड बोलता येत नव्हतं. मुलगी हातभर अंतरावर बसली होती. सांगायचं झालं असतं तर तिलाच सांगता आलं असतं.

मग त्याची सगळी आशा पाचव्या खुर्चीतल्या ट्रकवाल्यावर जाऊन बसली. नारिंगी टोपीचा, दांडगा, इथे नवा. त्याला कोणाची रीत ठाऊक नव्हती आणि तो प्रत्येक हात चढवत होता. वेंडल छक्की-पंजी घेऊन त्याच्या मागे लागला. ट्रकवाल्याकडे एक्क्यांची जोडी आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वेंडल भरत गेला, ट्रकवाला चढवत गेला, बाकी सगळे हात आखडून बघत राहिले. ढीग चांगला मोठा झाला. चौथ्या पानापर्यंत वेंडलकडे काहीच नव्हतं. टेबलावर सत्ती आणि अठ्ठी होती खरी, पण तो काही ते शोधत नव्हता.

कोराने शेवटचं पान उलटलं. नव्वी.

पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. सलग पाच पानांची ओळ लागली होती, आणि ओळीपुढे एक्क्यांच्या जोडीची काही किंमत नव्हती. अकरा वर्षं त्याने असं पान मागितलं होतं आणि ते क्वचित आलं होतं.

त्याने पत्ते उघडे केले तेव्हा ट्रकवाल्याने टोपी काढून टेबलावर आपटली. "छक्की-पंजी घेऊन शेवटपर्यंत कोण येतं? कोण येतं, सांगा ना!"

"हा येतो," ओडेल म्हणाला. "धंदाच आहे त्याचा."

टेबल हसलं. जोलीनही हसली आणि तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने ती त्याला बाहेरच्या बाजूला घेऊन गेली, जिथे काचेतून पार्किंग दिसत होतं. तिला उन्हं उतरायच्या आत घरी पोचायचं होतं, उद्या तिची सकाळची पाळी होती. ती हॉस्पिटलात नर्स होती. उजेडात तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि वेंडलला वाटलं, हिची आईसुद्धा या वयात इतकी थकलेली दिसत नव्हती.

"मला एक कबूल करायचंय," जोलीन म्हणाली. "माझा विश्वास नव्हता. मला वाटायचं, तू मला बरं वाटावं म्हणून फोनवर सांगतोस."

"जोलीन..."

"थांब, बोलू दे. काल अख्खा रस्ता मी रडत आले. डेनिसची आई आता एकटी राहू शकत नाही, परवा गॅस तसाच चालू ठेवून झोपली. आणि मी तुला शब्द दिलेला. तू हरताना दिसलास तर मी काय करणार होते, मला माहीत नाही. त्यांना नाही म्हणायचं, की तुला?"  तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि हसायचा प्रयत्न केला. "आता डेनिसला सांगता येईल. पण एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. तुला यायचंय का, डॅड? खरं सांग. यायचं असेल तर मी काहीतरी करीन."

तिने खरंच केलं असतं. ते त्याला ठाऊक होतं. हो म्हणायला तो आला होता. हरून, रिकाम्या हातांनी, न मागता हो म्हणायला. मागून हो म्हणायची तयारी त्याने केलेली नव्हती, आणि या चेहऱ्याकडे बघून तर मुळीच नाही.

"बघितलंस ना आत?" तो म्हणाला. "मी गेलो तर त्या ट्रकवाल्यांना कोण लुटणार?"

जोलीनने त्याला मिठी मारली. ती घट्ट होती आणि तिच्यातून एक मोठा निःश्वास बाहेर पडला, तो त्याला आपल्या छातीवर जाणवला.

"वाटेत विनेमका गावाच्या पुढे लांबवर पंप नाही," तो तिच्या केसांत म्हणाला. "तिथेच टाकी भरून घे."

तो काचेशी उभा राहिला. ती गाडीपर्यंत जाताजाताच फोनवर बोलायला लागली होती. चालताना तिचा मोकळा हात हलत होता, चांगली बातमी सांगताना माणसाचा हलतो तसा. गाडी रस्त्याला लागल्यावरही तो थोडा वेळ तिथेच थांबला, मग बसायची जागा दुसरीकडे कुठे नव्हती म्हणून आत गेला.

ट्रकवाला उठून गेला होता. टेबलावर आता सगळे घरचेच उरले होते. वेंडल बसला तशी मेव्हिस पुढे वाकली. इतका वेळ दाबून ठेवलेलं तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"गेली?"

"गेली."

"एकटीच ना?"

"एकटीच."

"ती दारातून आत आली तेव्हाच मला कळलं होतं, ही तुला न्यायला आलीय. राजे होते माझ्याकडे, वेंडल. हातात दोन, टेबलावर दोन. चार राजे! सत्तर वर्षांत मला पहिल्यांदा चार राजे आले आणि मी ते तुझ्या त्या फुटक्या सहा डॉलरसमोर टाकून दिले."

"चार राजे?" ओडेल म्हणाला. "बाई, तुला स्वर्गात जागा आहे."

"जागा राहू दे. याने उद्याचा नाश्ता द्यायचा, आणि कूपनवर नाही." तिने वेंडलच्या मनगटावर हात ठेवला. तो हात कोरडा आणि ऊबदार होता. "आभार मानू नकोस. फक्त आता कुठे जायचं नाही, कळलं?"

कोरा पत्ते पिसून थांबली होती. पहिली बोली वेंडलची होती. त्याने ढिगातून तीन डॉलर उचलून पुढे ठेवले.

"नाही," तो म्हणाला. "आता कुठे जाणार?"