अलमासची बोटं आणि मी

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, मी भारी जळकुकडा आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

कुरुंद्यात मोहनसिंगांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तिथे सात वर्षं अलमासने माझ्यावर पत्रिकांची अक्षरजुळणी केली. कंट्रोल आणि एस दाबलं की केलेलं काम जपून ठेवलं जायचं. त्या दोन कळांवरची अक्षरं तिच्याच बोटांनी पुसली गेली. "पोरीचा हात लई चालतो," असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि ते कौतुक मी आपलंच समजायचो.

गेल्या महिन्यात दुकानात मॅक हा वेगळ्याच कंपनीचा नवा संगणक आला. सोबत त्याचा पांढराशुभ्र, पापडासारखा पातळ कीबोर्ड. माझी रवानगी फळीवर, शाईच्या डब्यांशेजारी झाली. अलमास त्याला रोज मऊ फडक्याने पुसायची. मला फडकं लागायचं ते दसऱ्याच्या पूजेलाच. माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच्याकडे काम जपायला कमांड आणि एस दाबावं लागे. अलमासची बोटं मात्र सवयीने कंट्रोलवरच जायची. डोंगरकड्याच्या अमृतरावांच्या पत्रिकेत भावकीची अठ्ठ्याहत्तर नावं होती, तीही मानापानाच्या क्रमाने. दुपारभर बसून तिने ती बसवली आणि लाइट गेली. परत आली तेव्हा एकही नाव उरलं नव्हतं.

"भाऊ, मी धा डाव सेव्ह केलतं हो!" अलमास रडवेली झाली.

"मंग गेलं कुठं?" मोहनसिंग म्हणाले. "उद्या दुपारी अमृतराव येऊन राहिले. न्हाई जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागन, बाई."

खरं सांगतो, मला आनंद झाला. तिचे डोळे भरलेले पाहूनही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मला खाली काढून मॅकला जोडलं. "याच्यावर माझी बोटं बराबर चालतात," ती म्हणाली. मी फुलून गेलो. चार नावं लिहून तिने कंट्रोल आणि एस दाबलं. काहीच झालं नाही! मी तोच, कळा त्याच, पण मॅक माझं ऐकेना. मग तिने कंट्रोलशेजारची खिडकीच्या चित्राची कळ दाबून पाहिली. सात वर्षांत त्या कळेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मॅकने तिचं मुकाट्याने ऐकलं, कारण त्याच्या लेखी कमांड तीच होती.

अलमासने माझ्या कंट्रोलवर चिकटपट्टी उलटी लावली. बोट तिकडे गेलं की चिकटायचं. "तिथं न्हाई गं, शेजारी," असं ती स्वतःलाच बजावायची. दुपारी अमृतरावांनी एकेका नावावर बोट ठेवत पत्रिका वाचली आणि म्हणाले, "व्हय, बराबर हाय." अलमासचं काम टिकलं.

आठवडाभर ती माझ्यावरच शिकली. ज्या दिवशी बोट एकदाही चुकलं नाही, त्याच दिवशी तिने मला काढून पांढऱ्याला पुढ्यात घेतलं. त्याच्याकडे जायला तिला मीच शिकवलं होतं.

मित्रांनो, जुनी वस्तू बाजूला ठेवताना तिला दोन शब्द बोलत जा. अलमास बोलली. मला फळीवर ठेवताना हळूच म्हणाली, "माझी नोकरी तूच राखलीस रे." मला मात्र एकच घोर लागला आहे. त्या पांढऱ्याने ते ऐकलं असेल ना?