छतातून येणारा माझा आवाज

बुधवारी बॉबिन आली नाही, तेव्हा मी चहा एकटीनं घेतला आणि तिचा कप उपडा घालून ठेवला. पुढच्या बुधवारीही ती आली नाही. फोन केला तर सुनेनं उचलला. "सासूबाई कामात आहेत," म्हणाली. सणाचे दिवस, दुकानात झुंबड, सगळं मान्य. पण अंगात ताप घेऊन माझ्याकडे चहाला येणारी बाई लागोपाठ दोनदा कामात असते, हे माझ्या गळी उतरेना. मी गुडघ्यांना तेल चोळलं, काठी घेतली आणि दुकानात गेले.

आमचं दुकान कपड्यांचं आणि भेटवस्तूंचं. 'आमचं' म्हणायची सवय अजून जात नाही. माझं सगळं आयुष्य तिथल्या पॅकिंगच्या काउंटरवर गेलं. कागद, रिबीन आणि कात्री. बॉबिन मागच्या खोलीत शिवणयंत्रावर, कपडे कमीजास्त करून देणारी. ती अजूनही तिथंच आहे. बुटकी, गोल आणि सतत फिरती, यंत्रातल्या दोऱ्याच्या छोट्या रिळासारखी, म्हणून बॉबिन. नाव मीच ठेवलं आणि तिनं त्याबद्दल मला कधी माफ केलं नाही.

तिचा देव वेगळा, माझा वेगळा. सुरुवातीला सणाच्या दिवसांत जो तो आपापल्या देवाचं नाव घेऊन गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्यायचा. कुणी त्याचा विचारही करत नसे. एकदा बॉबिननं एका बाईंच्या हातात त्यांचा दुरुस्त केलेला कोट दिला आणि सवयीनं स्वतःच्या देवाचं नाव घेतलं. बाईंनी कोट पुन्हा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "झटकून द्या." कोटावर धुळीचा कण नव्हता. बॉबिननं कोट झटकला. दोनदा झटकला. मग घडी घालून दिला.

दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, गल्ल्यावरून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हा दोघींना गोदामात बसवलं, चहा पाठवला आणि सांगितलं, "दोघींनी मिळून एक वाक्य करा. दोघींना मनापासून म्हणता आलं पाहिजे. होत नाही तोवर बाहेर यायचं नाही."

आम्ही भांडलो. मी 'सुखानं नांदा' सुचवलं, तर बॉबिन म्हणाली, "गिऱ्हाइकाला सासरी पाठवतेस का?" तिनं 'भरभराट होवो' काढलं, तर मी म्हटलं, "आपण काय बँक आहोत?" चहा गार झाला. शेवटी खोक्यांच्या ढिगाकडे बघत ती म्हणाली, "तुमचं घर भरलेलं राहो." आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आणि येणाऱ्याला जागा राहो."

काकांनी ऐकलं, चष्मा पुसला. "झालं. दुकानाला वाक्य मिळालं."

पुढे ते वाक्य सगळं दुकान म्हणू लागलं, पुडकं दोन्ही हातांनी देताना. देव घरी, वाक्य दुकानात. गिऱ्हाइकं त्यासाठी थांबायची. सुट्टे पैसे घ्यायला विसरतील, पण वाक्य घेतल्याशिवाय जायची नाहीत. स्पीकर बसवले तेव्हा त्यावर मीच बोलायचं ठरलं, कारण बॉबिनच्या शब्दांत, तिचा आवाज गंजक्या कात्रीसारखा. मोसमाच्या शेवटच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढलं की आम्ही दोघी ते एकमेकींना म्हणायचो. तिचा अर्धा भाग ती, माझा मी. मग दिवे बंद.

काका गेल्यावर दुकान त्यांच्या मुलाकडे आलं. लहानपणी त्यानं शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून आमच्यासाठी तो बटण. दुकानातली पोरं आता त्याला सर म्हणतात. हा सर माझ्या काउंटरखाली रिबिनींच्या ढिगात झोपायचा. गिऱ्हाईक आलं की मी पायानं त्याला हळूच आत सरकवायची आणि तो झोपेतच माझी पोटरी धरायचा.

यंदा सणाच्या आधी तो माझ्या घरी आला. फळं घेऊन आला. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, आता कुणाला फारसं ओळखत नाहीत. माझ्या पलंगाच्या कडेला बसून तो म्हणाला, "मावशी, आईला तुमचा आवाज फार आवडायचा. तिच्यासाठी दोन शब्द बोलून द्या ना. ते दुकानातलं वाक्य नको. घरच्यासारखं, देवाचं नाव घेऊन. तिला आता तेवढंच पोचतं."

त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. मी डोळे मिटले. वहिनींचा चेहरा समोर आणला. आमच्या देवाचं नाव घेतलं आणि बोलले, "वहिनी, त्याची कृपा तुमच्यावर राहो. अंधारातही तो तुमचं बोट सोडणार नाही." बोलताना गळा भरून आला. बटणानं मोबाइल खिशात ठेवला आणि माझा हात दाबला. गेल्यावर मी बराच वेळ दाराकडे बघत बसले. पोरगं आईची आठवण ठेवतं, याचंच मला भरून आलं होतं.

तर त्या बुधवारी मी दुकानाच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि छतातून माझाच आवाज आला. आधी देवाचं नाव. मग, "त्याची कृपा तुमच्यावर राहो. अंधारातही तो तुमचं बोट सोडणार नाही." सुरुवातीचं 'वहिनी' तेवढं कापलं होतं. शेवटचा भरून आलेला गळा ठेवला होता. त्यामागे बासरी लावली होती.

एक माणूस मोजे निवडत होता. त्यानं वर बघितलं, मान हलवली आणि पुन्हा मोजे बघायला लागला. माझ्या जुन्या काउंटरवरच्या मुलीनं पुडकं एका हातानं पुढे सरकवलं आणि दुसऱ्या हातानं पुढचं बिल घेतलं. छत बोलतंय म्हटल्यावर तिनं कशाला बोलायचं?

मी मागच्या खोलीत गेले. बॉबिन यंत्रावर वाकलेली होती, तोंडात टाचण्या.

"या, रेडिओबाई," मान वर न करता ती म्हणाली.

"अगं, हे मी दुकानासाठी बोलले नव्हते."

"आवाज तर तुझाच आहे."

"वहिनींसाठी बोलले होते. बटण घरी आला, आईसाठी हवंय म्हणाला..."

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या उशीला टोचल्या. "माहीत आहे मला. गिऱ्हाइकाशी तू अशी कधी बोललीस? पहिल्याच दिवशी ओळखलं."

"ओळखलंस, मग आली का नाहीस?"

तिनं यंत्राचं चाक हातानं उगीच फिरवलं.

"त्याच दिवशी एक बाई पँट न्यायला आली. वर बोट दाखवून म्हणाली, बरं झालं, आता कसं दुकान आपलं वाटतं. आणि मलाच विचारते, हो ना? मी हो म्हटलं. काय करणार, हो म्हटलं. आणि वरून तू बोलत होतीस. नंतर तुझ्या घरी येऊन चहा कुठल्या तोंडानं प्यायचा, सांग."

मी तशीच काठी टेकत बटणाच्या केबिनमध्ये गेले.

"मावशी! सांगितलं असतं तर गाडी पाठवली असती."

"ते बंद कर."

त्याला लगेच कळलं. म्हणजे तो वाट बघतच होता. "अहो, लोक किती खूश आहेत! समोरच्या दुकानानं देवाचं नाव लावलं आणि आपलं निम्मं गिऱ्हाईक तिकडे वळलं. बाबांचं ते जुनं वाक्य छान होतं, पण ते कुणाचंच नव्हतं हो."

"दोघींचं होतं."

"मावशी, आवाज तुमचा, शब्द तुमचे. मी एक अक्षर तरी घातलं का?"

"एक काढलंस."

तो शर्टाच्या बाहीचं बटण उघडायला आणि लावायला लागला. लहानपणी खोटं बोलताना हेच करायचा.

"वहिनींना ऐकवलंस?" मी विचारलं.

"आईला आता काही कळत नाही हो."

"ऐकवलंस का?"

"सीझनची गडबड होती, मावशी." मग एकदम आवाजात साखर आणून म्हणाला, "सीझन संपला की काढतो ना. तुमच्यासाठी चहा मागवू?"

ज्याला मी पायानं काउंटरखाली सरकवायची, तो हाच. मी वळले. चहा नको म्हटलं की नाही, आठवत नाही.

मागच्या खोलीत बॉबिन एका फ्रॉकची किनार घालत होती. यंत्राशेजारच्या स्टुलावर मी बसले. कितीतरी दुपारी तिथंच बसून आम्ही डबे खाल्ले होते. त्याला आईची शपथ घालावी, वहिनींकडे जाऊन स्वतः बोलावं, असं काय काय मनात आलं. ते मी बोलूनही दाखवलं असतं. पण मी तोंड उघडलं की तिला तोच आवाज ऐकू येणार होता.

"काढणार नाही तो," बॉबिन म्हणाली.

"सीझननंतर काढतो म्हणाला."

"हं."

बाहेर काचेतून उजेड कमी होत गेला. तिनं फ्रॉक उलटा केला, दोरा दातानं तोडला, घडी घातली. मी उठले, दाराशी गेले आणि वळून उभी राहिले. शेवटचा दिवस नव्हता, शटरही सगळं वर होतं, पण मला त्या वाक्याची फार गरज वाटली. आधी तिचा भाग यायचा असतो. माझा नंतरचा. मी काठीवर भार देऊन थांबले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी कशासाठी थांबले आहे, ते तिला समजलं होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात छतातून देवाचं नाव आलं, पाठोपाठ बासरी, आणि पाठोपाठ मी. ते संपेपर्यंत बॉबिन थांबली. मग तिनं पुढचा कपडा उचलला, सुईखाली सरकवला आणि यंत्र सुरू केलं.