दुसरी मूठ

लुंबिनी मॅडमनी रुपयाचं नाणं वर उडवलं आणि त्याच वेळी शिवशंकरच्या खिशातला फोन थरथरला. नाणं टेबलावर आपटून बाकांखाली घरंगळत गेलं. पोरं ते शोधायला वाकली. शिवशंकरने फोन कानाला लावला. नांदेडहून मेव्हणा बोलत होता, सिद्धेश्वर.

"दाजी, कुठं हाय तुम्ही?"

"क्लासात. का रं?"

"निघा तिथून. अक्काला पहाटंपासून दम लागून राहिला होता. डॉक्टरनं लई केलं." मागे दवाखान्यातला गलका होता. "अक्का न्हाई राहिली, दाजी."

मागून कुणीतरी म्हणालं, "सापडलं मॅडम, काटा हाय." शिवशंकर पिशवी घेऊन उभा राहिला. मॅडमनी विचारलं, "काय झालं काका?"

"घरी जावं लागतंय," तो म्हणाला आणि दार हळू लावून बाहेर पडला.

लातूरच्या त्या कॉलेजात तो प्रयोगशाळेचा परिचर होता. पदवी हाती आली तर क्लार्कची जागा मिळण्यासारखी होती. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म त्याच्या बायकोने, शिल्पानेच भरून आणला होता. "जन्मभर दुसऱ्याच्या पोरांच्या काचनळ्या धूत बसणार का?" असं म्हणून तिने त्याची सही घेतली होती. रविवारचे वर्ग त्याच कॉलेजात भरायचे. संख्याशास्त्र त्याने निवडलं नव्हतं, ते गळ्यात पडलं होतं.

शिल्पाचं गर्भपिशवीचं ऑपरेशन नांदेडला ठरलं, कारण भाऊ तिथे. ऑपरेशन नीट झालं. शनिवारी तिनेच नवऱ्याला हाकललं. "इथं बसून माझं तोंड काय बघून राहिले? उद्याचा क्लास बुडवू नका. सोमवारी सोडणारच हायत मला." रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन अडकली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. हजारात एखादीला होतं, असंही म्हणाले.

माती झाली. पाहुणे आले, गेले. रेणापूरजवळच्या गावातल्या घरात तिघं उरली: शिवशंकर, बारावीतली ऋतुजा आणि म्हातारी माय, धोंडाबाई.

मायचं काहीतरी बिघडलंय हे आधी ऋतुजाच्या ध्यानात आलं.

"पप्पा, आजी दळणाला हात लावंना. काल मागणारा दारात आला तर मला हाक मारली. ज्वारीनं भरलेलं सूप तिच्या पुढ्यातच होतं."

शिवशंकरला कारण ठाऊक होतं. नांदेडला निघायच्या सकाळी मायने देवापुढे कौल लावला होता. घरात मोठं काम निघालं की ती लावायचीच. मूठभर ज्वारी घ्यायची आणि दोन-दोन दाणे बाजूला काढायचे. सगळ्या जोड्या लागल्या तर जावं, एक दाणा उरला तर थांबावं. त्या दिवशी एक उरला. मायने थांबायला सांगितलं. शिल्पा चपला घालता घालता हसली. "आत्याबाई, एका दाण्यापायी तारीख मोडता व्हय? घ्या आणखी एक मूठ. देवाला बी चष्मा लागला आसंल." सुनेच्या हट्टाला हसून मायने दुसरी मूठ घेतली. जोड्या लागल्या. गाडी निघाली.

शिल्पा गेल्यापासून मायने दाण्याला हात लावला नव्हता. भाकरी ऋतुजा करायची. माय चतकोर खायची आणि ताट सारायची. अशाने म्हातारी किती दिवस काढणार, हे शिवशंकरला कळत होतं. काय करावं ते कळत नव्हतं.

महिन्याभराने तो पुन्हा वर्गात जाऊन बसला. पदवीवरून मन उडालं होतं, पण रविवारी घरात बसवत नव्हतं. मॅडम नाण्याचंच सांगत होत्या. आधीच्या खेपेला काय पडलं याचा पुढच्या खेपेवर काही परिणाम होत नाही, असं काहीतरी. शिवशंकरने पहिल्यांदाच हात वर केला.

"मॅडम, मूठभर ज्वारी घेतली आन् दोन-दोन मोजली, तर एक दाणा उरायची शक्यता किती?"

मागची पोरं हसली. "काका, किराणा टाकला का?"

मॅडम हसल्या नाहीत. "जवळजवळ निम्मी. नाण्यासारखीच."

"आन् दुसरी मूठ घेतली तर?"

"तिचीही तेवढीच. पहिलीशी तिचा संबंध नाही."

"आन् ज्या कामासाठी मूठ घेतली, त्याच्याशी?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "त्याच्याशीही नाही, काका."

एसटीत बसून तो ते वाक्य घोकत आला. घरी येऊन त्याने परातीत ज्वारी ओतली आणि मायसमोर बसला. ऋतुजाला खडू दिला.

"कौल न्हाई माय. नुसतं मोजून राहिलो."

तो लहान लहान मुठी घेत गेला. ऋतुजा फरशीवर रेघा ओढत गेली, जोडीची इकडे, एकट्याची तिकडे. दिवेलागणीपर्यंत दोन्हीकडच्या रेघा जवळपास सारख्या झाल्या.

"बघ माय. निम्म्याला निम्मं पडतंय. दाण्याला काय बी ठाऊक नसतंय. पहिली मूठ बी खरी न्हाई, दुसरी बी न्हाई. तुझ्या हाताचा ह्यात दोष न्हाई."

माय रेघांकडे बघत राहिली. "हे तुला शाळंत शिकवलं?"

"हाव."

"म्हंजी माझ्यामुळं न्हाई गेली ती."

"न्हाई, माय."

"मंग कशामुळं?"

त्याने गाठीचं सांगितलं. हजारात एखादीला होतं, तेही सांगितलं.

"ती एक आपलीच का?"

"तसं काय कारण नसतंय, माय. कुणाला तरी होतं."

"म्हंजी उगंच गेली?" मायचा आवाज अजिबात चढला नाही. "लेका, माझ्या हातानं गेली म्हणलं तर मला निदान रडता तरी येतंय. तू ते बी काढून घेऊन राहिला."

ऋतुजाने ज्वारी गोळा केली आणि ओल्या फडक्याने फरशी पुसली.

दसरा झाला, रानाला वाफसा आला, पेरणीजोगी ओल. गावात पेरणीची पहिली मूठ घरातली थोरली बाई टाकते. तिफणी गेल्या, ट्रॅक्टर आले, तरी मूठ राहिली. आता ती तिफणीऐवजी पेरणीयंत्राच्या पेटीत पडते एवढंच. ट्रॅक्टरवाल्या महादेवप्पाने ट्रॅक्टर शिवशंकरच्या रानाच्या धुऱ्याला, बांधाशी लावला तेव्हा माय घरीच होती. "माझा हात नगं," एवढंच म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं होतं.

"तुम्हीच टाका की शिवशंकरराव," महादेवप्पा म्हणाला. "तुम्ही तर कॉलेजातले माणसं. तुम्हाला काय त्याचं?"

शिवशंकरने पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि पेटीजवळ गेला. मुठीला काही ठाऊक नसतं हे तो शिकला होता. पण ही मूठ त्याने टाकली, तर मायचा हात वाईट हे घरानेच कबूल केल्यासारखं झालं असतं. त्याने दाणे पुन्हा पोत्यात सोडले.

"आज राहू द्या. दुसऱ्यांचं उरकून घ्या."

"वाफसा जाईल बरं का."

"जाईल."

महादेवप्पाने ट्रॅक्टर वळवला. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या रानात ज्वारी उगवून वर आली. शिवशंकरचं रान पेरायचं राहिलं होतं.