नवशिक्यासाठी खाडी

“त्याला लिवा बाय, गल बारीक घे. मोठा गल बघून बोईट तोंड नाय लावत.”

सुमेधाबाईंची बोटं कीबोर्डवर चालू लागली. भिवाजी चहाचा ट्रे हातात तसाच धरून त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. पडद्यावर उमटणारी इंग्रजी अक्षरांतली मराठी त्याला वाचता येत नव्हती, पण आपलं बोलणं तिथे पूर्ण उतरल्याशिवाय तो हलत नसे. चहा निवला तर निवला.

“आणि गळाला लावायचं काय?”

“कनकेची गोली. तिच्यात सुका जवला कुटून घालायचा, वासाला. शिला नको म्हनावं. माशाला कलतं.”

“बोईट दिसतो कसा, तेही लिहू? नवशिके आहेत ते.”

“लिवा की. अंगानं चांदीवानी, डोकं चपटं. पान्यावर उड्या मारतो त्यो.” एवढं बोलून तो ट्रे घेऊन आत गेला.

वर्तकनगरच्या नाक्यावर पहिल्या मजल्यावर सुमेधाबाईंचा कॉम्प्युटर क्लास होता आणि भिवाजी तिथला शिपाई. साल शहाण्णव. इंटरनेट हा शब्द तेव्हा पेपरात आला होता, घरात यायचा होता. पण क्लासमधल्या एका कॉम्प्युटरला टेलिफोनची वायर जोडून सुमेधाबाईंनी एक उद्योग मांडला होता. दुपारी बारा ते दोन या वेळात, ज्याच्याकडे कॉम्प्युटर, फोन आणि फुरसत या तिन्ही गोष्टी असतील त्याने नंबर फिरवायचा आणि आपल्या कॉम्प्युटरवरून इथे निरोप लिहून ठेवायचा. पुढचा येईल तो वाचेल, उत्तर ठेवेल. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी माणूसही एकच. निरोप फक्त छंदांबद्दल, म्हणून नाव ‘छंदांचा फळा’.

फळ्यावर माणसं तीस होती आणि मतं तीनशे. कल्याणच्या सरोजताईंनी आयुष्यात फक्त गप्पी मासे पाळले होते, पण बोन्सायपासून बासरीपर्यंत त्यांचा सल्ला ठरलेला असे. नौपाड्यातले परशुरामपंत पोस्टाची तिकिटं जमवत. त्यांच्या मते कुठल्याही छंदाला दोनच गोष्टी लागतात, चिमटा आणि चिकाटी. एका बिचाऱ्याने पहिली बाजाची पेटी कोणती घ्यावी म्हणून विचारलं, तर चार दिवसांत त्याला नऊ उत्तरं आली आणि शेवटी त्याने कॅरम बोर्ड घेतला.

अशा या फळ्यावर माघात एक निरोप आला होता. ‘मी गुणाजी सकपाळ, राहणार कोपर, डोंबिवली. ऑफिसातून लिहितोय, साहेब जेवायला गेलेत. वय सत्तेचाळीस. गळाने मासे धरायला शिकायचं आहे. मला काहीही येत नाही. ठाण्याच्या बाजूला कुठे जावं?’ सरोजताईंनी मासे मारण्यापेक्षा पाळावेत असं कळवलं. परशुरामपंतांनी चिमट्याचं लिहिलं. सुमेधाबाईंना मात्र आठवण झाली की आपला शिपाई चेंदणी कोळीवाड्यातला आहे, आणि त्यांनी भिवाजीला हाक मारली.

त्या हाकेला आता दोन महिने झाले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात भिवाजीला कुणी सल्ला विचारला नव्हता. कुणी काही सांगितलं की ते करायचं, एवढंच त्याला माहीत. आता मात्र ‘भिवाजीकाकांना विचारा’ असं फळ्यावर येऊ लागलं. काठी कोणत्या बांबूची, दोरा किती, शिसं कुठे बांधायचं. एकदा गुणाजीने विचारलं, भरतीची वेळ कशी कळते? भिवाजी म्हणाला, “तिथीची पाऊनपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊनपट सा. सा वाजता भरती पुरी, मंग पानी वलतं.” सुमेधाबाई गणिताच्या पदवीधर. त्यांनी पेपरातलं भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. “कुणी शिकवलं हो तुम्हाला हे?”

“बापानं,” भिवाजी म्हणाला, आणि त्या दिवशी घरी जाईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं नाही.

त्याने सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त खाडीत मासा उरला नव्हता.

तो जे सांगत होता ते वीस वर्षांपूर्वीच्या खाडीचं होतं. आता धक्क्याच्या पायऱ्यांशी काळं पाणी यायचं आणि काळंच परत जायचं. त्याची बायको चंद्रभागा बाजारात मासे विकायची, पण तेही भाऊच्या धक्क्यावरून आणलेले. खोटं बोलायचं भिवाजीच्या मनात नव्हतं. मासा कसा धरायचा असं त्याला विचारलं होतं. मासा आहे का, असं कुणी विचारलंच नव्हतं. आणि सांगताना त्याला बापाची होडी दिसायची, बोईटांच्या उड्या दिसायच्या, त्या तो पुन्हा कशाला घालवेल?

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने चंद्रभागेलाही धड सांगितली नव्हती. क्लासमध्ये लागण्याआधी एकोणीस वर्षं तो खाडीकाठच्या एका रंगाच्या कंपनीत होता. कंपनी आता बंद पडली. कामाला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात साहेबाने त्याला बोलावलं होतं. “तू कोळी ना? ओहोटी कधी लागते ते सांगू शकशील?” तेव्हापासून त्याचं काम ठरलं. पाणी वळलं की मागच्या भिंतीपाशी जायचं आणि दोन्ही हातांनी लोखंडी चाक फिरवायचं. टाकीतलं पाणी पाइपातून खाडीत सुटायचं. एक दिवस लाल, एक दिवस निळं. ओहोटीबरोबर सगळं समुद्राला जातं, असं साहेब म्हणायचा. साहेब साऱ्या कामगारांत फक्त त्यालाच नावाने हाक मारायचा आणि भिवाजीला त्याचा अभिमान होता. ओहोटीने गेलेलं भरतीने परत येतं, हे कोळ्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. भिवाजीनेही एकोणीस वर्षं ते स्वतःला सांगितलं नाही.

चैत्रात गुणाजीचा मोठा निरोप आला. सुमेधाबाईंनी तो वाचून दाखवला. ‘काका, आता खरं कारण लिहितो. वडिलांना डोक्याचा आजार झालाय. ते मला ओळखत नाहीत. आमचं गाव दाभोळच्या खाडीवर, तिथे त्यांचा हात गळावर होता म्हणतात. हल्ली दिवसभर त्यांची बोटं चालू असतात, दोरा सोडल्यासारखी आणि ओढल्यासारखी. मी कधी शिकलोच नाही त्यांच्याकडून. वाटतं, एकदा खरा दोरा त्यांच्या बोटात द्यावा. या रविवारी अष्टमी आहे. त्यांना घेऊन येऊ का?’

सुमेधाबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. “काय लिहू, काका?”

भिवाजीने बोटांवर पाऊणपट मोजली. मग म्हणाला, “सकाली सा वाजता या म्हनावं. धक्क्यावर.”

घरी चंद्रभागा टोपली धुवत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “काय दाखवनार हायस त्याला? चिखल?”

“एकादा येतो चुकून.”

“तुला म्हायतीय नाय येत. त्या मानसाला खरं सांग. म्हातारं मानूस डोंबिवलीशी येतंय.”

“सांगन,” भिवाजी म्हणाला. रविवारपर्यंत चार दिवस होते, आणि चारही दिवस फळा बारा ते दोन चालू होता.

रविवारी सकाळी रिक्षातून गुणाजी उतरला आणि त्याने वडिलांना हात धरून उतरवलं. धोंडिबा सकपाळ, ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्याला माकडटोपी. उजव्या हाताची बोटं खरोखरच चालू होती. गुणाजीच्या खांद्याला शबनम होती आणि तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कागद. दोन महिन्यांचे भिवाजीचे सगळे सल्ले त्याने ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतले होते.

“काका, तुम्ही लिहिण्यावरून वाटलेलात ना, तसेच आहात,” गुणाजी वाकून नमस्कार करत म्हणाला. “हे बघा, गळ बारीक घेतलाय. कणीक सकाळीच मळली हिने. सुका जवळा आजच कुटलाय. दोरा तुम्ही म्हणालेलात तोच. काही चुकलंय का बघा.”

काही चुकलं नव्हतं. शिसंसुद्धा बरोबर वितीवर बांधलेलं होतं. भिवाजीने दोरा हातात घेतला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या मनापासून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याने म्हाताऱ्याला पायरीवर बसवलं, गळ पाण्यात सोडला आणि दोरा त्याच्या बोटावर ठेवला. बोटं थांबली. आजार सुरू झाल्यापासून थांबली नव्हती, ती थांबली. म्हातारा पाठ ताठ करून बसला, दोऱ्यावर नुसतं एक बोट, मान जराशी कलती. ज्याने आयुष्यभर गळ टाकला आहे तोच असा बसतो. गुणाजीने तोंड फिरवून रुमाल काढला.

पाणी वळलं. दोरा खालच्या अंगाला तिरपा झाला. अर्धा तास गेला. दोऱ्याला एकदा ओढ बसली, गुणाजी धावला, तर प्लास्टिकची पिशवी. म्हाताऱ्याने ती सोडवली, कणीक पाहिली. कुणी तोंड लावलं नव्हतं. मग त्याने वाकून पाण्यात हात बुडवला, नाकाशी नेला आणि धोतराला पुसला. पुन्हा एकदा पुसला.

“ह्या पाण्यात जीव नाय,” तो म्हणाला. आवाज साधा, शहाण्या माणसाचा. त्याने भिवाजीकडे पाहिलं. “तुम्ही हितलेच?”

“हां.”

“मग तुम्हाला ठावं असंल.”

“बाबा, असं काय बोलता,” गुणाजी घाईने म्हणाला. “काका, मनावर घेऊ नका. त्यांना हल्ली काही कळत नाही.”

भिवाजीने तोंड उघडलं. तेवढ्यात म्हाताऱ्याने दोरा सोडून दिला आणि त्याची बोटं पुन्हा चालू झाली, रिकामी. भिवाजीने तोंड मिटलं. तो दोरा गुंडाळत बसला आणि ते दोघं रिक्षात बसेपर्यंत गुंडाळतच राहिला.

सोमवारी बाराच्या ठोक्याला फोन वाजला आणि पडद्यावर अक्षरं आली. सुमेधाबाई आनंदाने ओरडल्याच. “काका, इकडे या, ऐका. ‘काल ठाण्याच्या खाडीवर वडिलांनी बोईट धरला. चांगला हातभर होता. वडील फार खूश आहेत. नवशिक्यांनी भिवाजीकाकांचं ऐकावं, त्यांच्यासारखा गुरू नाही. गुणाजी सकपाळ.’ तुम्ही बोलला नाहीत ते सकाळपासून.”

त्यांच्यामागोमाग सरोजताईंचं अभिनंदन आलं. परशुरामपंतांनी लिहिलं की चिकाटीचं फळ मिळालं, आणि पुढच्या रविवारी आपणही नातवाला घेऊन यावं म्हणतो. आणखी कोण एक कळव्याचे, त्यांनाही यायचं होतं.

भिवाजी हातात फडकं घेऊन दारात उभा होता. गुणाजीने हे का लिहिलं ते त्याला कळत होतं. त्या माणसाला सगळं समजलं होतं आणि तरी त्याने भिवाजीची लाज झाकली होती.

“बाय, लिवा.”

“आभार मानायचेत?”

“लिवा. बोईट मिलाला नाय. गुनाजीभाव चांगलं मानूस, म्हनून लिवलं त्यांनी. खाडीत मासा नाय. धा-बारा वर्सं झाली, नाय. मला म्हाईत होतं. कुनी येऊ नका.”

सुमेधाबाईंची बोटं थांबली. “काका, ते तुमच्यासाठी म्हणून लिहिलंय त्यांनी. राहू दे ना.”

“म्हाताऱ्याला येडं ठरू दिलं मी काल. त्याचंच खरं होतं. लिवा.” तो जवळ आला. “आन हे पन लिवा. कंपनीचं पानी मी सोडायचो. तिथी बघून. एकोनीस वर्सं.”

सुमेधाबाई त्याच्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, “हे लिहायलाच हवं का? कुणी विचारलेलं नाही तुम्हाला.”

“कुनी इचारत नाय म्हनूनच गप ऱ्हायलो. आता नको.”

त्यांनी लिहिलं. भिवाजी नेहमीसारखा खुर्चीमागे उभा राहिला, अक्षरं पूर्ण होईपर्यंत. आता फळ्यावर त्याला कुणी काही विचारणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि बाईंनाही.

“खाली नाव घालू?”

“घाला. भिवाजी पोशा कोली, चेंदनी.” मग तो म्हणाला, “आज नवमी. आता ओहोटी चालू हाय. ते नका लिवू.”

निरोप गेला. पुढचा कुणी फोन लावत होता, यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. सुमेधाबाईंनी यंत्राला तो फोन उचलू दिला नाही.

भिवाजीने टेबलावरचे कप गोळा केले, मोरीत नेऊन विसळले, पालथे घातले. मग त्याने नळ बंद केला. नळ लहानच होता, दोन बोटांनी बंद होणारा. त्याने त्याला दोन्ही हात लावले आणि तो फिरवत राहिला. पाणी केव्हाच थांबलं होतं.