पत्ता बरोबर आहे

"हा डुकराबरोबर आहे," असं म्हणून पॅशलीबाईंनी ते पाकीट माझ्यापुढे टाकलं.

पाकिटावर शिसपेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : विल्फ्रेड गॉस्नी, बाहीवर डुक्कर असलेले, मुक्काम परदेश. बस्स. नंबर नाही, हुद्दा नाही, पलटणीचं नाव नाही. तिकीट मात्र नीट, सरळ लावलेलं.

ही ऑक्टोबर चव्वेचाळीसची गोष्ट. नॉटिंगहॅमला सैन्याच्या टपालाचं केंद्र होतं आणि तिथे आम्ही शेकडो मुली दिवसभर उभ्या राहून पत्रं लावायचो. घड्याळात सव्वानऊ झाले होते. वेळ मुद्दाम सांगते आहे. त्याआधी पाचच मिनिटं पॅशलीबाईंना कळलं होतं की माझा भाऊ रोलंड इटलीत मारला गेला. मला ते संध्याकाळपर्यंत कळायचं नव्हतं.

कळलं कसं, तेही सांगते. रोज सकाळी पॅशलीबाईंच्या टेबलावर मारल्या गेलेल्यांची यादी यायची. त्यातलं एकेक नाव शोधून त्यांनी कपाटातल्या त्याच्या नाव-पलटणीच्या कार्डाचा कोपरा कात्रीने कापायचा आणि त्या माणसाची पत्रं वेगळ्या कप्प्यात अडवून ठेवायची. घरी सरकारी पत्र पोचायच्या आत आईने लिहिलेलं पत्र शिक्का मारून तिच्याच हातात परत पडू नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. यादीतलं नाव बाहेर काढायचं नाही, हा नियम होता. आपल्या माणसाची पलटण जिथे लावतात तिथे कुणा मुलीला काम द्यायचं नाही, हा दुसरा. म्हणून रोलंडची फॉरेस्टर्स पलटण माझ्या वाटेला कधी आली नाही.

एनिड पॅशली तेव्हा चाळिशीच्या होत्या. लढाईआधी त्या लेसच्या गिरणीत उसवलेली वीण दुरुस्त करायच्या. तिथलीच बारीक कात्री इथेही त्यांच्या गळ्यात फितीने लटकलेली असायची. बोलणं तुसडं. एखादीने पत्र चुकीच्या कप्प्यात टाकलं, की त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "काय गं, त्याची बदली तू केलीस का?" आम्ही मागे त्यांना जनरल म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझा अंदाज आहे, आवडतही होतं.

पण पलटणी त्यांना तोंडपाठ होत्या. आमच्या सैन्यात हा मोठा घोळ असतो. रेजिमेंटला काउंटीचं नाव, कुठे राणीचं, कुठे रंगाचं. एकाच रेजिमेंटची एक बटालियन इटलीत, दुसरी हॉलंडमध्ये, तिसरी ब्रह्मदेशात, आणि घरच्यांना वाटतं सगळे एकाच शेतात तंबू ठोकून बसलेत. अमेरिकनांचं बरं. त्यांची रेजिमेंट सहसा सगळी एकत्र लढते आणि तिला नुसता आकडा असतो. तरी त्यांचीही पत्रं चुकून आमच्याकडे यायचीच. 'जिमी, टेक्सासचा, खांद्यावर गरुड' असं कुणा पोरीने लिहिलेलं असायचं. पॅशलीबाई चष्मा वर करून म्हणायच्या, "नाचताना आडनाव विचारायला काय झालं होतं हिला?" आणि आकडा लिहून ते पाकीट अमेरिकनांच्या थैलीत टाकायच्या.

अशा आंधळ्या पत्त्यांची पत्रं त्या कुणाला हातही लावू देत नसत. त्यामुळे डुक्कर माझ्यापुढे आलं तेव्हा मला आधी चेष्टाच वाटली.

"बघ लागतंय का," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून कार्डांच्या कपाटाकडे गेल्या. चेहरा मला दिसला नाही.

मला काय, आकाश ठेंगणं झालं. वर्षभर मी याच टेबलाची वाट बघत होते. डुक्कर म्हणजे रानडुक्कर, तिसाव्या कोअरची खूण, एवढं मलाही माहीत होतं. पण कोअर म्हणजे हजारो माणसं. आमची कार्डं पलटणीप्रमाणे लावलेली होती. पलटण कळली नाही तर नुसत्या नावाचा काडीचा उपयोग नाही. दहा वाजले, साडेदहा झाले. मध्ये पॅशलीबाई कॅप्टनसाहेबांच्या खोलीत जाऊन आल्या. आल्या तेव्हा त्यांची मान लाल झाली होती. कुणी तरी त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलण्याची हिंमत केली, याचं आम्हाला नवल वाटलं.

अकराच्या सुमारास मी पाकीट उलटं केलं. मागच्या घडीवर पत्र लिहिणाऱ्या त्याच्या आईने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'भट्टीशी जपून रे.'

"तोफखाना?" मी विचारलं.

"तोफेला कुणाची आई भट्टी म्हणते?" पॅशलीबाई म्हणाल्या. "घरी काय करायचा असेल तो?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाव. हा पाव भाजणारा होता. सैन्याच्या फिरत्या बेकऱ्या असतात आणि रानडुकराच्या हाताखाली अशा दोन होत्या. दुसऱ्या बेकरीच्या कार्डांत गॉस्नी, विल्फ्रेड, हुद्दा शिपाई, व्यवस्थित बसलेला सापडला. मी ओरडलेच असेन, कारण अख्खी रांग वळून बघायला लागली. पॅशलीबाईंनी त्यांची लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. त्या पेन्सिलीने दुसऱ्या कुणी लिहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पूर्ण पत्ता मी माझ्या हाताने लिहिला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्यांच्या डब्यातलं उकडलेलं अंडं माझ्यापुढे सरकवलं. तेव्हा आठवड्याला माणशी एक अंडं मिळायचं. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "खा गं पोरी, मला पचत नाही." मला ते खरं वाटलं. अंडं खाता खाता मी रोलंडला पत्र लिहिलं. डुक्कर, भट्टी, लाल पेन्सिल, सगळं. शेवटी लिहिलं की तू लवकर ये, नाहीतर मी इथे जनरल होईन आणि तुला मला सलाम ठोकावा लागेल.

पाकीट बंद करून मी पॅशलीबाईंना म्हटलं, तुमच्याच हाताने टाका ना, म्हणजे लवकर जाईल. त्यांनी ते घेतलं आणि पत्ता वाचला. नंबर, हुद्दा, रोलंड टॅग, कंपनी, बटालियन, शेरवुड फॉरेस्टर्स. दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ लागला.

"पत्ता बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडून एवढं कौतुक कधी कुणाला मिळालं नव्हतं. दुपारभर मी गुणगुणत होते.

पाचला सुट्टी झाली तेव्हा पॅशलीबाई फाटकापाशी कोट घालून उभ्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या बाजूला एका मैत्रिणीकडे जायचं आहे. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे. त्यांची तिकडे कुणी मैत्रीण असेल असं मला वाटलं नाही, पण त्यांना विचारणार कोण? वाटेत मीच बडबडत होते. रोलंड लहानपणी पुलाच्या कठड्यावरून चालायचा आणि आईला कळू नये म्हणून मला गोळ्या द्यायचा, ते सांगितलं. त्या ऐकत होत्या. पुलावर आल्यावर त्यांनी विचारलं, "कोणता कठडा?" मी दाखवला. त्या थांबून त्याच्याकडे बघत राहिल्या.

आई कारखान्याच्या उपाहारगृहात कामाला होती, तिला यायला सव्वासहा होत. मी दार ढकललं तर ते खाली कशाला तरी घासलं. दुपारच्या टपालाचं एक पाकीट पायपुसण्यावर पडलं होतं. आईच्या नावाचं. पिवळट, सरकारी, रोलंडच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचं. टपालात काम करणाऱ्या मुलीला ते उघडून बघायची गरज नसते.

मी वळून पॅशलीबाईंकडे पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"नऊ वाजून दहा मिनिटांपासून."

"आणि दिवसभर मला हसू दिलंत."

"हो," त्या म्हणाल्या. "दिलं."

त्यांनी पाकीट उचलून टेबलावर ठेवलं, किटली चढवली आणि माझ्या समोर बसल्या. पाकीट आईचं होतं, ते आम्ही उघडलं नाही. पाऊण तास आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. आई आली, तिने उभ्यानेच ते फोडलं, तेव्हा तिच्यामागे खुर्ची कुणी सरकवली ते मला दिसलं. मी हुंदके देत होते आणि तरी मनात म्हणत होते, ही बाई माझ्या घरातून चालती होऊ दे.

तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या रोज माझ्या कप्प्याशेजारी चहा ठेवायच्या आणि मी तो रोज गार होऊ द्यायची. रोलंडला लिहिलेली माझी पत्रं एकेक करून घरी परत आली. सहा होती. प्रत्येकावर जांभळा शिक्का. त्या दुपारचं मात्र आलं नाही. शेवटी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारलं.

त्यांनी खण उघडून पाकीट काढलं. ते त्यांनी अडवणुकीच्या कप्प्यात टाकलंच नव्हतं. पकडल्या गेल्या असत्या तर नोकरी गेली असती.

"ह्याच्यावर शिक्का मारवेना," त्या म्हणाल्या. मग कात्रीशी चाळा करत, माझ्याकडे न बघता, पुढचं सांगितलं. कॅप्टनकडे त्या त्यासाठीच गेल्या होत्या. मला सांगायची परवानगी मागायला नव्हे, मला लवकर घरी पाठवू नका असं सांगायला. त्यांचं म्हणणं होतं, तिला नेहमीसारखंच पाचपर्यंत राहू द्या आणि ह्या पोरीचा दिवस माझ्याकडे द्या. मागच्या लढाईत त्यांचा भाऊ गेला, तेव्हा मुकादमाने सकाळी सातला, मशीन सुरू असताना, सगळ्यांदेखत कानात ओरडून सांगितलं होतं. "त्याच्याआधीचा दिवस मला आठवतच नाही बघ," त्या म्हणाल्या. "मी नीट बघितलाच नव्हता. तुझा तरी बघून ठेवावा म्हटलं."

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्याले.

पुढे लढाई संपली, त्या लेसकडे परत गेल्या आणि मी गावच्या पोस्टात लागले. दर नाताळला मी त्यांच्याकडे जायची आणि एक उकडलेलं अंडं न्यायची. त्यावर त्या एकच वाक्य बोलायच्या, की मला पचत नाही, आणि मग खायच्या. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचे उपकार मी तोंडाने कधी बोलून दाखवले नाहीत, ते इथे लिहिते आहे. रोलंड सरकारी कागदांत सोळा तारखेला गेला. पॅशलीबाईंच्या लेखी तो त्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला. माझ्यापुरता तो संध्याकाळी साडेपाचपर्यंत होता. मी त्याला डुकराची गोष्ट सांगत होते आणि तो ऐकत होता.

ते पाकीट माझ्या खणात आहे. अजून बंदच आहे. त्यावर माझ्या हातचा पूर्ण पत्ता आहे, नंबरापासून पलटणीपर्यंत, आणि शिक्का एकही नाही.