पान दोनशे नऊ

माझे वडील बोलायचे बंद झाले तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलला स्क्रीन गार्ड बसवत होतो आणि कानात एक पुस्तक दीडपट वेगाने चाललं होतं. त्यामुळे आईचा फोन तिसऱ्या खेपेला उचलला.

"अप्पा बोलून नाही राहिले," आई म्हणाली.

"घसा बसला असंल."

"घसा न्हाई बसला. फ्रिजवर कागद चिटकवलाय त्यांनी."

रविवारी नांदेडहून अहमदपूरला गेलो तेव्हा कागद वाचला. टपोऱ्या सरकारी अक्षरात लिहिलं होतं, 'यापुढे ज्याने पुस्तक वाचले त्याच्याशीच बोलले जाईल. हुकुमावरून.'

पुस्तक म्हणजे अप्पांचं आत्मचरित्र. अप्पा एकतीस वर्षं एसटीत होते. त्यातली बावीस वर्षं अहमदपूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक, चौकशीच्या खिडकीमागे, माइकसमोर. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते ते दोनदा सांगायचे. तिसऱ्यांदा नाही. मग अख्खं स्टँड खिडकीशी येऊन तेच विचारायचं.

"साहेब, हदगाव कोणती?"

"आत्ताच सांगितली की."

"हाव, पर कोणती?"

बावीस वर्षं हा माणूस लोकांच्या कानांशी बोलला आणि रिटायर झाल्यावर त्याने ठरवलं की कान हा काही भरवशाचा अवयव नाही, आता डोळ्यांकडे जावं. तीन वह्या भरून त्याने आयुष्य लिहिलं. नाव ठेवलं 'अहमदपूर, फलाट चार'. मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. चार पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की त्यांनी पुस्तक एका बैठकीत वाचून काढलं. त्यातल्या दोघांच्या प्रती अजून प्लास्टिकमध्ये होत्या.

त्यानंतर अप्पा महिनाभर कसली तरी वाट बघत होते. भेटेल त्याला विचारायचे, "वाचलं का?" समोरचा म्हणायचा, "हाव, एक नंबर." अप्पा आणखी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघायचे, जणू गाडी लागलीय पण दार उघडेना. मग एक दिवस कागद चिटकवला.

मी विचारलं, "अप्पा, पण कुणी वाचलंय हे तुमाला कळणार कसं?"

त्यांनी कागदाच्या खाली लिहिलं, 'कळेल.'

रेणापूरहून मलप्पामामा आला. हा आईचा भाऊ. सोफ्यावर बसायच्या आधीच सुरू झाला. "दाजी, पान शंभर! मी ढसाढसा रडलो हो पान शंभरला."

मी पान शंभर उघडलं. त्यावर एका जुन्या हिवाळ्याचं वेळापत्रक होतं. लातूर पाच पस्तीस, उदगीर सहा दहा.

"आठवणी हायत बाबा," मामा म्हणाला. "त्या पाच पस्तीसनं मी लई फिरलो."

अप्पांनी त्याच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं.

"मी बी वाचलं," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

आम्ही हसलो. आई चौथी शिकलेली. तिला वाचताना मी पाहिलंय ते कॅलेंडरच्या मागचं राशिभविष्य, तेही ओठ हलवत. मामा तर इतका हसला की त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पाणी आईनेच दिलं. अप्पांनी तिच्या तोंडाकडेही थोडा वेळ पाहिलं आणि मान फिरवली.

माझी गोष्ट वेगळी होती. घरातला वाचणारा मी. गेल्या वर्षी माझी एकाहत्तर पुस्तकं झाली आणि साधारण चार हजार स्क्रीन गार्ड. दोन्ही एकदमच होतात. हात इकडे, कान तिकडे. माझं मोबाइलचं दुकान आहे त्याच कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर कहकशांचं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, शपथपत्रं, सगळं ती टाईप करते. अप्पांच्या वह्याही तिनेच केल्या. ती म्हणते, "एकाहत्तर वाचली नको म्हणू रे. एकाहत्तर अंगावरून गेली म्हण."

अप्पांचं पुस्तकही मी असंच घेतलं होतं. फाइल मोबाइलमध्ये टाकली की एक बाई वाचून दाखवते. चांगली बाई आहे, दमत नाही. पण तिला पानांचे आकडे आणि मजकूर यातला फरक कळत नाही. माझे आजोबा गेले तो प्रसंग मी असा ऐकला, 'वडील वारल्याचा निरोप आला तेव्हा एकशे बारा मी ड्युटीवर होतो.' मला कितीतरी दिवस वाटायचं की आजोबा गेले तेव्हा अप्पा एकशे बारा नंबरच्या गाडीवर होते.

तरी मी पुस्तक तीनदा ऐकलं होतं. अप्पांसमोर मांडी घालून बसलो आणि बालपणापासून निरोप समारंभापर्यंत सगळं सांगितलं. तासभर. अप्पांनी ऐकलं. शेवटी माझ्या कानातली इयरफोनची गोळी दोन बोटांनी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि कागदावर लिहिलं, 'हे ऐकलंस.'

"एकच हाय की, अप्पा!"

त्यांनी 'ऐकलंस'च्या खाली रेघ मारली.

आणखी महिना गेला. आईचे फोन यायचे. "डॉक्टरनी इचारलं, पायाला मुंग्या येतात का? तर ह्यांनी फ्रिजवरचा कागद काढून दाखवला."

"कागद नेला व्हता दवाखान्यात?"

"घडी करून खिशात. डॉक्टर म्हणले, पुस्तक ठेवून जा, बघतो सवडीनं. संगू, साखर वाढलीय त्यांची. पाय असा आपटत चालतात. येतात का मुंग्या, तेवढं तरी कळाय पायजे ना रं."

त्या माणसाच्या पायाला मुंग्या येतात की नाही हे जगात एकालाच माहीत होतं आणि तो वाचकाची वाट बघत होता.

मी कहकशांकडे गेलो. अप्पांचं अक्षर न् अक्षर बघितलेलं माणूस एकच. "काय हाय गं त्या पुस्तकात, जे कुणालाच दिसून नाही राहिलं?"

तिने कीबोर्डवरचे हात न थांबवता विचारलं, "कुणीच नाही म्हटलं का त्यांना, गाडी पोचली?"

"कोणती गाडी?"

आता तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वहीचा शेवट तोंडपाठ म्हणून दाखवला. 'एकतीस वर्षे गाड्या सोडल्या. पोचली की नाही हे कुणी परत येऊन सांगितले नाही. जो इथवर आला त्याने मला एवढेच म्हणावे, गाडी पोचली.'

"हे कुठं हाय?"

"नाहीच. काढलं ना. दोन ओळी पान दोनशे नऊवर चालल्या होत्या. सोळा पानांचा एक फॉर्म, तेरा फॉर्म म्हणजे दोनशे आठ. दोन ओळींसाठी फॉर्म वाढवायचा तर पंधरा पानं कोरी."

"मग मला इचारायचं!"

"विचारलं. फोन केला, दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, म्हटलं मला महत्त्वाच्या वाटून राहिल्या. तू म्हणालास, काढ की, दोन ओळींनी काय व्हतंय."

"मी असं म्हणलो?"

"मधी मधी कुणाला तरी मॅट पायजे का ग्लॉसी विचारत होतास."

मला काहीच आठवत नव्हतं. त्या ओळी कानावर पडलेला जगातला एकमेव माणूस मी, आणि तेव्हा मी मॅट गार्ड लावत होतो.

"अप्पांना का न्हाई फोन केलास?"

"केला ना आधी. ते म्हणाले, शेवटचं सगळं संगमेश बघंल, तो लई वाचतो."

म्हणजे अप्पा महिनोन्महिने जगाची परीक्षा घेत होते आणि प्रश्न छापलाच नव्हता. छापून आलेलं पुस्तक त्यांनी स्वतः उघडलंच नव्हतं. सोडलेल्या गाडीच्या मागं बघत बसायचं नसतं, म्हणायचे.

"जा, खरं सांगून टाक," कहकशां म्हणाली. "थोडे चिडतील. बोलतील तरी."

अहमदपूरच्या गाडीत बसलो. खरं सांगायचं वाक्य वाटेतल्या लोह्यापर्यंत तयार होतं. लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबली, तेवढ्यात ते बदललं.

अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी चपला काढल्या, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अप्पा, गाडी पोचली."

आधी त्यांची हनुवटी हलली. मग घशात काहीतरी खरखरलं, जुना माइक सुरू करताना खरखरतो तसं.

"किती लेट?"

"दोन-अडीच महिने."

"असू दे. पोचली ना." त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. "बसम्मा! ए बसम्मा! पोरानं वाचलं गं!"

मग ते जे सुटले. पायाला मुंग्या येतात, दीड महिना झाला, डाव्या जास्त. मलप्पा खोटारडा आहे. भाजीत मीठ कमी पडतं, सांगायचं राहून जात होतं. आई पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी उभी होती. त्यांनी आतून पुस्तक मागवलं. "शेवटचं पान वाच. मोठ्यानं. हिला बी ऐकू दे."

मी पान दोनशे आठ वाचलं. छापील मजकूर संपला तरी वाचत राहिलो. खालच्या कोऱ्या समासावर डोळे ठेवून दोन्ही ओळी म्हटल्या, एक शब्द चुकला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या पानाकडे इतकं टक लावून पाहत होतो. अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"दाखव," ते म्हणाले. "छापून कसं दिसतंय बघू."

चष्मा लावला. पान बघितलं. उलटलं. मागचं कव्हर बघितलं. परत पान बघितलं, बोटाने घासलं, दोन पानं चिकटलीत का म्हणून.

"कुठं हाय?"

मी सांगितलं. फॉर्म, कहकशां, फोन, मॅट, सगळं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. दीडपट वेगाने आणखी कमी लागली असती.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पुस्तक मांडीवर मिटून म्हणाले, "म्हंजे छापलंच न्हाई."

"न्हाई."

"म्हंजे खरंच कुणी वाचलं असतं, तरी…"

 ते वळून दाराशी उभ्या आईकडे बघायला लागले.

"पान एक्केचाळीस," आई म्हणाली. "तिथं आपलं लगीन हाय. आन् एकशे सत्तरला मी डबा द्यायचा इसरले, तुमी दिवसभर उपाशी राह्यले, ते. दोनशे आठ पानांत माझं नाव दोनच ठिकाणी हाय." तिने पिठाच्या हातांनी पदर सारखा केला. "भाकरी झाल्यावर रोज दहा पानं. एकवीस दिवस लागले. मी सांगितलं व्हतं वाचलं म्हणून. तुमाला दोन शब्द पायजे व्हते."

"बसम्मा, अगं मला काय म्हाईत…"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आई आत गेली आणि तिने भाकरी उलटली.

याला आता चार महिने झाले. अप्पा भरपूर बोलतात, डॉक्टरांशीसुद्धा. कागद काढून टाकलाय. आई बोलत नाही. जेवायला वाढते, औषध हातात देते, माझे फोन उचलते आणि कानाला लावून ठेवते. अप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून तिला हाक मारतात, दोनदा. मग आजकाल तिसऱ्यांदाही मारतात.

मी पुस्तकातली आईची ती दोन ठिकाणं परत ऐकली. दीडपट वेगाने तिचं नाव पाव सेकंदात जातं. वेग कमी करून पाहिला, तर अर्ध्या सेकंदात.

आम्ही दोघांनी प्रयत्न केले. अप्पांनी 'चुकलं' म्हणून बघितलं. मी 'माफ कर' म्हणून बघितलं. मामाने रेणापूरहून फोनवर 'ताई, पान एकशे सत्तरला मी रडलो' म्हणून बघितलं. ती अप्पांसारखीच आमच्या तोंडाकडे थोडा वेळ बघते आणि मान फिरवते. तिलाही काहीतरी ऐकायचंय, एवढं कळतं. पण आईने काहीच लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे कोणत्या पानावर शोधायचं ते समजत नाही.